बाजू सांगणारा डावरोबा

आमच्या गेम कंपनीत टेस्टिंगची एक लांबट खोली आहे. खिडक्यांना काळा कागद, समोर सहा स्क्रीन, आणि उभं कुठे राहायचं त्याच्या खुणा म्हणून जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या. त्या खोलीची मी मुख्य. डावरोबा तिथे अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता, आणि या अकरा वर्षांत मी त्याला जेवढं बोलले तेवढं सख्ख्या भावालाही बोलले नसेन. नावही मीच ठेवलं होतं. माणूस चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने धरायचा, दुसरं काय म्हणणार.

दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. एकाच भिंतीवर चारशे उड्या मारून बघा म्हणावं, पाय कुठे दगडात घुसतो का. घुसला की लिहून काढा आणि पुढच्या भिंतीवर जा. नवीन मंडळी तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. डावरोबा कधी कंटाळला नाही, कारण आमच्या साहसी गेमचा नायक डावखुरा होता. तलवार डाव्या हातात, ढाल उजव्या हातात. तो एकदा मला म्हणाला होता, "ताई, जगात एवढा एकच माणूस भेटला ज्याला कुणी हात बदल म्हणालं नाही."

त्याचे वडील गणिताचे मास्तर. त्यांनी लहानपणी दोन वर्षं याचा डावा हात दोऱ्याने शर्टाच्या गुंडीला बांधून ठेवला होता. जेवताना, आंघोळीला जाताना, केव्हाही विचारायचे, उजवा कुठला, डावा कुठला. चुकला की बोटांवर फूटपट्टी. लिहायला तो उजव्या हाताने शिकला, बाकी सगळं डाव्यानेच करत राहिला. पण उजवं-डावं मात्र त्याच्या डोक्यात पाढ्यासारखं पक्कं बसलं.

आता मास्तरांची नजर गेली होती, आणि घरात दोघंच. रोज संध्याकाळी दोघं फिरायला जायचे. मास्तर पुढे काठी घेऊन, हा दोन पावलं मागे. हात धरलेला म्हाताऱ्याला खपायचा नाही. "मला ओढून नेऊ नकोस, फक्त बाजू सांग," एवढंच त्यांचं म्हणणं. मग हा मागून सांगायचा, बाबा उजवीकडे, बाबा थोडं डावीकडे, आणि म्हातारा त्या शब्दावर बिनघोर पाऊल टाकायचा. मी दोन-तीनदा बघितलंय.

मग ते नवीन यंत्र आलं. बटणं दाबायची नाहीत, दांडी हातात धरून हवेत फिरवायची, की पडद्यावर तलवार फिरते. बाहेरच्या चाळीस लोकांना आणून खेळायला लावलं. बहुतेकांनी दांडी उजव्या हातात धरली, आणि तलवार फिरायची डाव्या हातातली. ती चाळीस माणसं गोंधळून गेली. गेम बाजारात यायला चार महिने उरलेले. नायकाचा नुसता हात बदलावा तर शेकडो हालचाली, शिड्या, दरवाजे, सगळं पुन्हा करायला हवं. तेव्हा साहेबांनी शक्कल काढली. सगळा गेमच आरशातल्यासारखा उलटा करायचा. पूर्वेचा डोंगर पश्चिमेला, डावीकडची नदी उजवीकडे, आणि नायक आपोआप उजवा. बाबांनी दोऱ्याने केलं ते साहेबांनी एका दिवसात केलं, असं डावरोबा म्हणाला. हसत म्हणाला, पण मला ते हसू आवडलं नाही.

यातली मेख अशी होती की उलटं फक्त पडद्यावर दिसायचं. चित्रकार काम करायचे ते जुन्या, सुलट फायलींवर. टेस्टरने लिहिलं, उजव्या खांबात भोक आहे, की ते उजवा खांब शोधत बसायचे आणि भोक असायचं डाव्यात. दोन आठवडे नुसती डोकेफोड झाली. शेवटी मीच नियम केला आणि पुठ्ठ्यावर लिहून स्क्रीनच्या वर टांगला. दिसेल त्याच्या उलटी बाजू लिहायची. उजवीकडे दिसलं तर डावीकडे लिहा. बोलतानासुद्धा तसंच बोला, म्हणजे सवय होईल. माझ्या या हुशारीवर मी खूश होते.

बाकीचे पाच जण रोज चुकायचे आणि माझी बोलणी खायचे. डावरोबा एकदाही चुकला नाही. ज्याचं उजवं-डावं पक्कं, त्यालाच ते पक्कं उलटं करता येतं, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या महिन्यात तर तो विचारसुद्धा करेनासा झाला. दांडी उजव्या हातात, डावा हात अंगाला चिकटलेला, आणि नजर पडद्यावर पडायच्या आत तोंडातून उलटी बाजू बाहेर.

एका सकाळी आल्या आल्या त्याने गंमत म्हणून सांगितलं की टॅक्सीवाल्याला त्याने तीनदा चुकीचं वळण सांगितलं, शेवटी त्याने याला वाटेतच उतरवलं. खोली पोट धरून हसली. "झालास की आमच्यातला पक्का," मी म्हणाले.

चार दिवसांनी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. या वेळी हसत नव्हता.

"ताई, मला दोन दिवस जुन्या गेमवर बसवा. डोकं जरा सुलट होऊ दे."

"का? काय झालं?"

"काल बाबांच्या चपला चुकीच्या बाजूला ठेवल्या. ते चाचपडत बसले. आणि आमच्या घरासमोर पाइप टाकायला रस्ता खणलाय. डाव्या बाजूने पार कोपऱ्यापर्यंत चर आहे."

"मग फिरायला नेऊ नकोस चार दिवस."

"ऐकतात का ते?"

मी काय करावं? जिचं एकही काम परत आलं नाही अशी खोलीत एकच व्यक्ती होती, आणि गेम बाजारात जायला अठरा दिवस राहिले होते. मी म्हणाले, "तू गेलास की माझं कंबरडंच मोडेल. अठरा दिवस काढ. मग महिनाभर सुट्टी घे, मी स्वतः सही करते." तो मान डोलावून पट्टीवर जाऊन उभा राहिला. मला खरंच वाटलं होतं की अठरा दिवसांत काय होतंय.

नवव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी सपाट, रिपोर्ट वाचून दाखवावा तसा.

"ताई, चर डावीकडे होता. मला स्वच्छ दिसत होता. बाबा त्याच्याकडे सरकायला लागले, म्हणून उजवीकडे घ्या सांगायला मी तोंड उघडलं, आणि डावीकडे म्हणालो. ते लगेच वळले. आणि ताई, माझं मला ऐकू आलं, तरी ते बरोबरच वाटलं."

मास्तरांचा खुबा मोडला. या वयात खुबा मोडला की, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. जाताना भीती वाटत होती, ती कुणाची ते मी सांगत बसत नाही. मास्तर उताणे पडलेले, डोळे छताला. डावरोबा पायथ्याशी उभा, डावा हात शर्टाच्या गुंडीपाशी. आपला हात कुठे आहे हे त्याच्या ध्यानातही नसावं.

"तुम्ही याच्या ऑफिसातल्या बाई ना?" मास्तर म्हणाले. "हा कालपासून तोंडात मूग धरून बसलाय. त्याला समजवा. चूक माझी आहे. त्याने बाजू बरोबरच सांगितली असणार, माझेच पाय आता ऐकत नाहीत. लहानपणी मी त्याच्याकडून सगळं घोटून घेतलंय. तो बाजूत चुकायचा नाही."

डावरोबाने माझ्याकडे पाहिलं. सांगायला हवं होतं मी, तिथेच, त्याच क्षणी. नियम माझा होता, पुठ्ठ्यावरचं अक्षरही माझंच.

"तिकडे चुकतो का हो कधी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही, मास्तर," मी म्हणाले. "चारशे बारा रिपोर्ट लिहिले, एकातही बाजू चुकली नाही."

ते समाधानाने हुंकारले. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नालायक खरं बोलणं.

मग मास्तरांनी पाणी मागितलं. "ग्लास कुठल्या बाजूला आहे रे?"

ग्लास उशाच्या टेबलावर होता, त्यांच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर. डावरोबाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी तो पुढे झाला, वडिलांचा हात धरला आणि नेऊन ग्लासावर ठेवला.

"हात कशाला धरलास?" मास्तर म्हणाले. "नुसती बाजू सांगितली असतीस तरी चाललं असतं."