हद्दीबाहेरचे घर आणि चौथे शील

तथागतांच्या करुणेपुढे आणि धम्माच्या प्रकाशापुढे मस्तक नमवून, गेल्या रविवारी आमच्या इंग्लंडमधील लेस्टरच्या घरी जे घडले ते लिहितो...

माझी नात मेत्ता अकरा वर्षांची. तासाभराच्या अंतरावरील एका ग्रामर स्कूलची, म्हणजे गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेची, निवड परीक्षा ती उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली आणि शाळेने जागा देऊ केली. अट एकच... कुटुंबाचे वास्तव्य शाळेच्या हद्दीत हवे. उत्तर सोमवारी द्यायचे होते.

मुलगा मिलिंद आणि सून शुभांगी, दोघेही येथील हॉस्पिटलमध्ये नोकरीला. तिकडे काम मिळेल याची शाश्वती नाही. आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. एकाने विषय काढला की दुसरा खोलीतून उठून जाई.

शनिवारी मिलिंदने तोडगा काढला. तिकडे छोटा फ्लॅट भाड्याने घ्यायचा, आजोबा आणि नात तिथे राहतात असे शाळेला कळवायचे, आणि प्रत्यक्षात सर्वांनी इथेच राहायचे. "बाबा, दोन टूथब्रश तिकडे ठेवू, झालं वास्तव्य," तो म्हणाला. शुभांगी हसली नाही.

मी विचार करतो, एवढेच बोललो. माझ्या वडिलांनी वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवली होती... नातीच्या शिक्षणाला नाही म्हणण्याचे बळ माझ्यात नव्हते. आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही एकत्र वंदना करतो. मी पंचशीलातील एकेक शील सांगतो, बाकीचे माझ्यामागून म्हणतात. पहिली तीन नेहमीप्रमाणे झाली.

चौथे शील असत्य वचनापासून दूर राहण्याचे. मी ते उच्चारले आणि थांबलो... मागून एकच आवाज आला. मेत्ताचा. तोडग्याची तिला काहीच कल्पना नव्हती.

तिने वळून पाहिले. मिलिंदची मान खाली होती. शुभांगीचे हात जोडलेले, ओठ मात्र मिटलेले.

"आजोबा, आईबाबांनी म्हटलं नाही," मेत्ता म्हणाली. "परत सांगा ना. दे मिस्ड इट."

मी ते लगेच पुन्हा सांगितले नाही. त्या क्षणी मी बोललो असतो तर तो माझा निर्णय झाला असता, त्यांचा नव्हे.

मग शुभांगी बोलली. आवाज अगदी हळू, पण मिलिंदकडे रोखून पाहत. "जायचं तर सगळे खरंच जाऊ. नाही जमलं, तर ही इथल्या शाळेत शिकेल. माझी मुलगी कुठेही शिकेल."

मिलिंदने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मला वाटले, तो उठून जाणार...

"बाबा, चौथं परत सांगा," तो म्हणाला.

मी सांगितले. या वेळी तिघांचे आवाज आले. त्यात त्याचा थोडा फाटलेला होता.

सोमवारी शाळेला खरे तेच कळवले... आज आम्ही लेस्टरला राहतो, तिकडे नोकरीसाठी दोघे अर्ज करत आहेत, जमले तर उन्हाळ्यात येऊ. जागा राहील की जाईल, हे लिहीत असताना ठाऊक नाही. मेत्ता रोज विचारते, आणि रोज तिला हेच सांगावे लागते. ते सोपे नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या लेकराला मनाजोगी शाळा लाभो. आणि कोणी पत्ता विचारला, तर तो सांगताना त्या लेकराला क्षणभरही अडखळावे न लागो.