बाईंच्या मापाचा पांढरा ड्रेस

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या मुलीवर ओरडत होत्या. चेंडू जाळ्यात मारला म्हणून नाही, टी-शर्ट ढगळ होता म्हणून. सिंगापुरात, क्लेमेंटीला आमच्या ब्लॉकसमोर एक कॉन्डो आहे, तिथल्या टेनिस कोर्टवर शनिवारी सकाळी त्या मुलांना शिकवायच्या. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, कानात मोती. माझी मुलगी रॅकेट ओढत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, कोच स्कोल्डिंग माय टी-शर्ट, लाह!"

मला रागच आला. टी-शर्ट मी घेतलेला होता, वाढत्या अंगाचा. आमच्याकडे मुलांना मापाचे कपडे कधी घेतच नाहीत. यंदा ढगळ, पुढच्या वर्षी बरोबर, त्याच्या पुढच्या वर्षी आखूड, असा हिशेब. इटलीहून आलेल्या कुणा बाईने मला तो शिकवायची गरज नव्हती. तरी घरी गेल्यावर मी मशीन काढलं आणि टी-शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला, कारण कुणी नाव ठेवलेलं मला सहन होत नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी मुलीला थांबवून टी-शर्टची कड उलटी करून टीप पाहिली आणि हे कुणी शिवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. माझी आई नागपुरात शिवणक्लास चालवायची. मी शिकले केमिस्ट्री, इथे विद्यापीठाच्या लॅबमध्ये पॉलिमरवर काम करते. पण माझे हात आईच्या क्लासमध्येच तयार झाले. बाईंनी माझे हात धरून बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "चहाला ये." इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण त्या मला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणत होत्या, याबद्दल माझी खात्री आहे.

असा आमचा परिचय झाला. माझा नवरा तुआसच्या कारखान्यात जायला कंपनीच्या बसने पहाटे निघतो आणि अंधार पडल्यावर येतो. शनिवारी मुलीचा टेनिसचा तास संपला की मी बाईंकडे बसायची. त्या तरुणपणी मोठमोठ्या स्पर्धा खेळल्या होत्या. पण त्यांच्या देशात लोकांना त्या आठवायच्या कपड्यांमुळे. तेव्हा ज्या क्लबात स्पर्धा व्हायच्या, तिथे कोर्टवर पांढरंच घालायचा नियम होता. बाईंनी नियम मोडला नाही, त्याला वळसा घातला. लेस लावली, झालरी लावल्या, पाठ उघडी ठेवली. मी त्यांना सांगितलं की आम्ही बौद्ध, आमच्यात लग्नातही नवरी पांढरी साडी नेसते. त्यावर त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या क्लबच्या म्हाताऱ्यांना तू सून म्हणून चालली असतीस."

एका दुपारी त्यांनी कपाटातून खोका काढला. पातळ कागदात गुंडाळलेला एक पांढरा ड्रेस. साधाच वाटला. मग त्यांनी घेराला झटका दिला आणि चुण्यांच्या आतून लिंबासारखा पिवळा रंग दिसला. उभं राहिलं की ड्रेस पांढरा; धावलं की पिवळा. क्लबचा माणूस सामन्याआधी तपासायला आला, तेव्हा बाई त्याच्यासमोर पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्याला काहीच सापडलं नाही.

"त्या दिवशी मी जिंकले," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या खेळाडूला हरवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, कमरेपासून खालचा."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत. ड्रेसचा त्यांना अभिमानही होता आणि रागही. लोक त्यांचा खेळ विसरले ते त्या ड्रेसमुळेच, पण त्या विजयाची उरलेली एकमेव खूणही तोच होता. मला हे लगेच कळलं, कारण लॅबमध्ये माझ्या रिसर्च पेपरबद्दल कुणी बोलत नाही आणि दिवाळी पार्टीत माझ्या ब्लाऊजबद्दल सगळ्या बोलतात.

बाईंचा नवरा जहाज कंपनीच्या नोकरीसाठी सिंगापूरला आला आणि इथेच वारला. मुलगा रॅफल्स प्लेसला बँकेत. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, येताना केक आणायचा. वाईट माणूस नव्हता. घाईत असायचा एवढंच.

मग बाईंच्या पोटात गाठ निघाली. औषधं सुरू झाली, थोड्या महिन्यांनी बंदही झाली, कारण डॉक्टरांनीच सांगितलं की आता त्रास द्यायचा नाही. शनिवारचे तास थांबले. बाई झपाट्याने वाळल्या. दंड माझ्या मुलीच्या दंडाएवढे झाले.

त्याच सुमारास मुलाने सांगितलं की इटलीतलं एक कपड्यांचं संग्रहालय तो ड्रेस मागतंय. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली बाईंचं नाव. त्याने होकार देऊन टाकला होता. बाई म्हणाल्या, तो ड्रेस मी जाताना घालणार आहे. मी तिथेच सोफ्यावर होते, उठून जावं की बसावं कळेना. मुलगा समजुतीने म्हणाला, "ममा, तो आता तुला होत नाही. नुसता लोंबेल. लोक काय बघतील?"

तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "टाचण्या घेऊन ये."

तेव्हापासून एवढंच काम उरलं होतं: तो ड्रेस बाईंच्या अंगाला नीट बसवायचा. हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये त्यांना जायचं नव्हतं, कुणाच्या काचेच्या कपाटासाठी ड्रेस मागे ठेवून तर मुळीच नाही. आयुष्यभर लोकांनी त्यांना कपड्यांवरून ओळखलं, तर शेवटचा कपडा तरी त्या स्वतः ठरवणार होत्या. मला हे पटलं. घरी नवरा म्हणाला, "दुसऱ्यांच्या भांडणात टाचण्या घेऊन कशाला जातेस?" मी म्हटलं, तू जेव.

मी माप घेतलं, बाजू उसवल्या, ड्रेस आत घेतला. पण जास्तीचं कापड कापलं नाही. आमच्याकडे शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखतातच, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं. नागपुरात असा एक ब्लाऊज नसेल ज्यात माया नाही. माझ्या आईने तर क्लासमध्ये एका मुलीला माया कापली म्हणून रडवलं होतं. मी ते कापड आत दुमडून बारीक हातशिलाईने बसवलं. वरून काही कळत नव्हतं.

बाईंनी ड्रेस घातला. आरशात पाहिलं नाही, आधी उजवा हात वर उचलला, सर्व्हिस करताना उचलतात तसा. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

"काखेखाली काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. अगदी चांगल्या मनाने सांगितलं, की तब्येत सुधारली, अंग भरलं, तर लागेल म्हणून ठेवलंय.

बाईंचा चेहरा कठोर झाला. "अंग भरेल ती कोण? या घरात मला तर कुणी दिसत नाही." मग म्हणाल्या, "सगळे मला बरी होशील म्हणतात. डॉक्टरसुद्धा दारात उभा राहून म्हणतो. तू तरी माझं खरं माप घे."

मला इतकं लागलं की मी उलट बोलले. म्हटलं, आमच्यात अशीच पद्धत आहे, माणूस जिवंत आहे तोवर कापड कापत नाहीत. अशी पद्धत कुठेच नाही, ते मी तिथल्या तिथे रचलं. बाईंनी टेबलावरची कात्री माझ्याकडे सरकवली. त्यांच्यासमोर बसून मी दोन्ही बाजूंची माया कापली. त्या प्रत्येक कातरणाकडे बघत होत्या. पुन्हा ड्रेस घातला तेव्हा तो असा बसला की दारात उभी राहून मी बघतच राहिले. बाईंनी घेराला हलका झटका दिला आणि म्हणाल्या, "झालं. आता काढ, थंडी वाजतेय."

मुलाला ड्रेसचा फोटो पाठवायला त्यांनी मला लावलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आणि मग पोटात पाणी भरायला लागलं. हात-पाय काड्यांसारखे, आणि पोट दिवस भरलेल्या बाईसारखं. नर्स येऊन पाणी काढायची, ते पुन्हा भरायचं. बाईंनी एकदा चादरीवरून पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगत होते ना, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. आज वाटतं, बरं झालं गिळले.

"बोल," बाई म्हणाल्या. "तुझंच बरोबर निघालं."

"यात कसलं आलंय बरोबर?" मी म्हटलं आणि रडायला लागले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून खेळाडूची होती. "काहीही कर, पण मला तोच घाल. आणि अंगावर राहू दे." मी हो म्हटलं. 'अंगावर राहू दे' म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

त्या गेल्या तो दिवस शुक्रवार होता. मी लॅबमध्ये होते. मुलाचा फोन आला. तो रडत होता, आणि त्याच्याबद्दल मनात धरलेलं सगळं त्या क्षणी मी सोडून दिलं. त्याने विचारलं, ममाला कपडे तुम्ही घालाल का? मी हो म्हटलं. मग नाक पुसत त्याने बेत सांगितला. लोक दर्शनाला येतील तोवर पांढरा ड्रेस. संध्याकाळी पेटी बंद करायच्या आधी तो उतरवून निळा रेशमी सूट घालायचा. संग्रहालयाने खास खोका पाठवला होता. "म्हणजे तिची इच्छाही राहते आणि ड्रेसही राहतो," तो म्हणाला. ऐकायला यात काहीच चूक नव्हती. मी त्यालाही हो म्हटलं.

पांढरी साडी नेसून मी अंत्यविधीचं सगळं पाहणाऱ्या कंपनीत गेले. त्यांच्याकडे मागच्या बाजूला एक थंडगार खोली होती. कामाला पन्नाशीची एक चिनी बाई होती, फार मायाळू हातांची. निळा सूट पिशवीत घालून मुलाने आधीच खुर्चीवर ठेवला होता. आम्ही दोघींनी मिळून बाईंना ड्रेस चढवला. खांदे बसले, गळा बसला, पाठीमागची चेन अर्ध्यावर अडली. पोट आडवं येत होतं. मी ओढून पाहिलं. चोरून उसवावं असं आत एक बोटभरही कापड नव्हतं.

"क्लोज कॅनॉट," ती म्हणाली. "नेव्हर माइंड. एव्हरीबडी ऑल्सो लाइक दिस. बॅकसाइड कट कॅन. अन्टिल वेस्ट इनफ, लाह." मागून कमरेपर्यंत कापलं की पुरे, असं सांगून तिने मला कात्री दिली.

आम्ही बाईंना कुशीवर वळवलं. मी चेनच्या शेजारून कापत गेले. पाठीवरून, बरगड्यांवरून, कमरेपर्यंत. तिथे ड्रेस सैल झाला. तेवढं खरोखरच पुरेसं होतं. कमरेपर्यंतचा काप कुठल्याही चांगल्या कारागिराने असा जोडला असता की काचेआड कुणाला दिसला नसता. मीसुद्धा जोडला असता.

समोर खुर्चीवर निळा सूट होता. मी कात्री थांबवली नाही. कमरेची पट्टी कापली आणि मग घेर, एकेक चुणी वेडीवाकडी चिरत पार खालच्या काठापर्यंत गेले. इतकं सुंदर काम मी आयुष्यात नासवलं नव्हतं. ती बाई एकदा "एह!" म्हणाली. आम्ही बाईंना उताणं केलं, चिरलेल्या दोन्ही कडा पाठीखाली नीट खोचल्या. समोरून ड्रेस अंगावर बेतल्यासारखा दिसत होता.

मुलगा आत आला. आईच्या कपाळाला ओठ लावून म्हणाला, "किती छान बसलाय. मला वाटलं नव्हतं." मग मला विचारलं, "संध्याकाळी बदलायला तुम्हीच याल ना?"

मी बाईंच्या खांद्याखाली हात घालून त्यांना जराशा वळवलं आणि त्याला पाठ दाखवली.

तो बघत राहिला. "एवढा का कापला?"

"बसत नव्हता," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. तो ओरडेल म्हणून मी वाट पाहिली, पण त्याने आईच्या केसांवर ठेवलेला हात काढला नाही. जरा वेळाने त्याने खुर्चीवरची पिशवी उचलली आणि बाहेर गाडीत ठेवून आला. संध्याकाळी पेटी बंद केली तेव्हा बाईंच्या अंगावर तोच ड्रेस होता.