उसवायला एक तुकडा

ताईच्या आईने चाळीस वर्षं विणकामाचे वर्ग घेतले आणि एवढ्या वर्षांत एकाही मुलीला छान म्हटलं नाही. बाहेरच्या खोलीत चटईवर दहा-बारा मुली बसायच्या आणि बाई एकेकीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. चूक दिसली की वाकायच्या, सुया अलगद काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चुकलंय. उसव." आवाज कधी चढायचा नाही. चढला असता तर मुलींना जरा बरं वाटलं असतं.

पोटच्या पोरीला तर सूट नव्हतीच. नवव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत ताईने जेवढं विणलं, त्याहून जास्त उसवलं. चौदाव्या वर्षी तिने सुया डब्यात टाकल्या त्या टाकल्याच. पुढे तिने चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम धरलं. तिथे चूक झाली तर काच बसत नाही, एवढंच. कुणाच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागत नाही.

आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा ताई पंचावन्नची होती. आधी माणसांची नावं गेली, मग गॅस बंद करणं गेलं, मग ताई आपली कोण हेही गेलं. पण हात मात्र काही विसरले नाहीत, आणि त्यांना काम हवं होतं. हातांनी उशीच्या खोळीची शिवण काढली, पडद्याचा काठ उसवला. हाताला काही नसलं की आई दाराशी जाऊन कडी ओढायची, घरी जायचंय म्हणून रडायची. ताई कामावर असताना शेजारच्या निवृत्त नर्सबाई सोबतीला बसायच्या. त्यांच्या नाकी नऊ आले. उभा जन्म दवाखान्यात काढलेली ती बाई, पण दुपारपर्यंत तिचाही चेहरा उतरलेला असायचा.

एक दिवस वैतागून नर्सबाईंनी कपाटातला जुना स्वेटर काढून आईच्या मांडीवर टाकला. आईने तो उलटासुलटा केला, गळ्यापाशी बोट फिरवलं, टोक शोधलं आणि ओढलं. तीन तास ती जागची हलली नाही. कडी नाही, रडणं नाही. नर्सबाईंच्या जिवात जीव आला.

महिन्याभरात घरातले स्वेटर संपले. वडिलांचा गेला, भावाचे दोन्ही गेले. भाऊ लांब राहायचा आणि दर रविवारी फोन करायचा. तिला कोडी घाल, गाणी लाव, फिरायला ने, असं तो सांगायचा. फोनवरून सेवा करणाऱ्यांना कल्पना फार सुचतात. ताई "हो" म्हणायची आणि फोन ठेवायची.

मग तिने चाळीस वर्षांनी डब्यातून सुया काढल्या. नमुना एकही आठवत नव्हता आणि मोजत बसायला वेळ नव्हता. संध्याकाळी दुकानातून आली की ती आईने उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, पाणी मारून तिचा कुरळेपणा काढायची आणि आदल्या दिवशीची वाळलेली लोकर घेऊन बसायची. क्रोशाच्या सुईने साखळी घालून गोल करायचा, कंटाळा येईपर्यंत त्यावर खांबाचे उभे टाके घालत जायचं. मग त्याच गोलाच्या काठावरून टाके उचलून दोन सुयांवर घ्यायचे आणि वाटेल तिकडे वळायचं. कुठे फुगा आला तर येऊ दे. रंग संपला तर हाताला लागेल तो दुसरा जोडायचा. असा रोज वीतभर तुकडा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची पुन्हा लोकर झालेली असायची.

आणि व्हायचं तेच झालं. ताईला ते आवडायला लागलं. रोज बसून बसून हाताला वळण आलं. कुठे दाट विणायचं, कुठे जाळी सोडायची, हे बोटं आपलं आपण ठरवू लागली. काचा घासताना डोक्यात संध्याकाळचे रंग चालायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत विणत असताना दुकानात डोळे तपासणारे डॉक्टर म्हणाले की हे चौकटीत बसवून भिंतीवर लावा, चौकटी आपल्याकडे हव्या तेवढ्या आहेत. ताई हसली, आणि तो तुकडाही तिने आईलाच नेऊन दिला.

एखादा तुकडा आईपासून लपवून ठेवणं काही अवघड नव्हतं. पण तिला भिंतीवर काही नको होतं. आईने एक तुकडा हातात घ्यावा, दोन्ही बाजूंनी बघावा आणि न उसवता मांडीवर ठेवावा, एवढंच तिला हवं होतं. या वयात असलं काही हवंसं वाटतं याची तिला लाज वाटायची. तरी हवं होतंच.

त्यासाठी तिने जंग जंग पछाडलं. टोक कुठून कुठे ओवून दडवायची, वर दुसऱ्या रंगाचे टाके घालायची, गाठीवर गाठ मारायची. घरी आली की आधी नर्सबाईंना विचारायची, किती वेळ लागला? कधी दहा मिनिटं, कधी वीस. आईचं बोट काठाकाठाने जायचं, एका जागी थांबायचं, नखाने टोक उपसून काढायचं. नर्सबाई सांगायच्या, आज पण म्हणाल्या हो, चुकलंय म्हणून. ताई चिडायची, आणि चिडत चिडतच नवे टाके घालायची.

असं वर्षभर चाललं. मग एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तुकडा आईच्या मांडीवर जसाच्या तसा होता. हिरवा, मातकट, मध्ये पिवळी जाळी. ताईच्या हातातली पिशवी हातातच राहिली. तिला हसू फुटलं.

"उसवला नाही आईने?" तिने नर्सबाईंकडे वळून विचारलं.

"सकाळपासून तसाच आहे," नर्सबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "टोक शोधलंच नाही त्यांनी. बोटच फिरवलं नाही. नुसत्या धरून बसल्यात."

दुसऱ्या दिवशी ताईने टोक दडवलं नाही. तिसऱ्या दिवशी हातभर धागा मोकळा सोडला. चौथ्या दिवशी तो आईच्या चिमटीत दिला आणि तिचा हात धरून ओढून दाखवलं. आईने धागा धरला, जरा वेळाने तो सुटला. ताईने दुकानातल्या डॉक्टरांना विचारलं, पण डोळ्यांचे डॉक्टर बिचारे काय सांगणार? आईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हात सगळ्यात शेवटी विसरतात. पुढे काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. आई आता कडीही ओढत नव्हती.

रविवारी सकाळी ताई आईच्या खुर्चीपुढे चटईवर बसली आणि तिने तीस टाके घातले. एक सुलट, एक उलट, लहानपणी पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं. सहा ओळी झाल्यावर तिने मधला एक टाका सुईवरून सोडून दिला आणि धागा ताणून तो पार खालपर्यंत जाऊ दिला. पट्टीच्या मधोमध शिडी पडली. पहिल्या दिवशीची मुलगीसुद्धा अशी चूक करणार नाही. तिने सुया तशाच ठेवून पट्टी आईच्या हातात दिली.

"आई, बघ ना. उसवू का?"

आईने पट्टीवरून तळहात फिरवला. शिडीवरूनही फिरवला. मग ताईकडे बघून परक्या माणसाशी बोलावं तसं सौजन्याने म्हणाली, "नको, कशाला? छान झालंय."

"नाही गं आई, चुकलंय," ताई म्हणाली. आई हसली आणि पट्टी तिला परत करू लागली. ताईने ती घेतली नाही. तिने पुन्हा सांगितलं की चुकलंय, नीट बघ, आणि आई पुन्हा म्हणाली की छान आहे.