हमीद मास्तरांची सलामी

हमीद मास्तरांनी सहा वर्षांत मला एकही इंग्रजी गाणं पुरतं शिकवलं नाही. शिकवली ती फक्त सुरुवात. गायकानं तोंड उघडायच्या आधी गिटार जे सात-आठ सूर वाजवते आणि ज्यांवरून अख्खं गाणं ओळखू येतं, त्याला जग रिफ म्हणतं. मास्तर त्याला 'सलामी' म्हणायचे. "गाना तो कोई भी गा लेता," ते म्हणत, "पन सलामी चुकली की पुढचं समदं वाया."

पैठण गेटजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत टेपरेकॉर्डर आणि मेहुण्यानं आखातातून आणलेल्या कॅसेटी. तेव्हाच्या औरंगाबादेत आम्हा पोरांना रॉक ऐकायची दुसरी सोय नव्हती. मास्तर एकेक सलामी शंभरदा मागे नेऊन ऐकत, गिटारवर सूर शोधत आणि मगच आम्हाला देत. एक तर इतकी अवघड होती, की करंगळी ताणून डोळ्यांत पाणी यायचं. कुरकुर केली की म्हणत, "ते गोरे काय येडे हायत का? मेहनत करो मियाँ."

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि तिथल्या बँडसाठी हीच सलामी वाजवून दाखवली. बाकीच्यांनी साथ धरली आणि लगेच हसत सुटले. मी सगळ्यांपेक्षा अर्धा सूर वर होतो. एकानं माझा हात गिटारच्या दांडीवर एक घर, म्हणजे एक पट्टी, खाली सरकवला. निम्मे सूर मोकळ्या तारांवर आले, करंगळीला कामच उरलं नाही. मास्तरांचा टेपरेकॉर्डर जरा जास्त वेगानं फिरत होता, त्यानं प्रत्येक सूर वर चढत होता, आणि आम्ही सगळे त्याच्याच तालमीत वाढलो होतो.

बँडमध्ये मला घेतलं नाही. सुट्टीत आलो तो तडक दुकानात. दोन गिऱ्हाइकांसमोर त्याच गाण्याची कॅसेट घातलेला माझा वॉकमन काउंटरवर आपटला आणि म्हणालो, "तुम्ही आम्हाला सगळं चुकीचं शिकवलंत." ते आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

मास्तरांनी कानाला लावून ती सलामी तीनदा ऐकली. मग डोळ्यावरचं भिंग काढलं. "घड्याळ दिसाला दोन मिन्टं पुढं गेलं तरी मी गिऱ्हाइकाला देत नाय. आन् ही मशीन माझ्याच घरात इतकी वर्सं पळत व्हती."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. विद्यार्थ्यांची यादी मास्तरांच्या खिशात, मी गिटार धरून स्कूटरवर मागे. गारखेड्यापासून सुरुवात झाली. प्रत्येक दारात एकच वाक्य: "बेटा, माझ्याकडनं चूक झाली. सलामी एक घर खाली घ्यायची." मग समोर बसवून नीट वाजवून घ्यायची.

चौथ्या दिवशी लासूर स्टेशन गाठलं. तिथला जुना विद्यार्थी आता धान्याच्या आडतीवर बसत होता. गिटार कधीच सुटली होती. तो म्हणाला, "मास्तर, आता मी कुठं वाजवतो? कशाला लई तरास घेता?"

"नको वाजवू. पन माझं चुकलेलं तुझ्या डोस्क्यात ऱ्हायला नको."

पोत्यांवर बसून त्यानं सलामी वाजवली. "इतकं सोपं व्हतं व्हय!" म्हणून तो मोठ्यानं हसला. मास्तर हसले नाहीत.

परतताना पडेगावला चहाला थांबलो. मास्तर हळूच म्हणाले, "सब का सुधारा. पन माझा कान ऐकत नाय रे. मला अजून ती वरचीच खरी वाटती."

मी तिथं माफी मागायला हवी होती. "चहा गार होतोय," एवढंच म्हणालो.

"तू तोंडावर बोलला, बरं केलं," मास्तर म्हणाले. "बाकीचे अदबीनं गप बसले असते, आन् मी तसाच चुकीचा मेलो असतो."

काही वर्षांनी मास्तर गेले. मातीला आम्ही बहुतेक सगळे होतो. त्यांच्या एका नातेवाइकानं मला विचारलं, "आप मास्तर के कौन?"

"त्यांची चूक काढणारा," मी म्हणालो, आणि मग मात्र रडू आवरेना.