भिंगरीदादाचा डावा हात

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अर्ज व परीक्षेचे पेपर सोडले तर मी फारसं काही लिहिलेलं नाही. त्यातून भिंगरीदादाबद्दल लिहायचा हक्क मला सगळ्यांत कमी आहे. तरीही लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

डाव्या हाताच्या तर्जनीवर बास्केटबॉल गरगर फिरवत तो गावातल्या कुणाशीही बोलू शकत असे. पाऊस कधी येणार, कुणाची म्हैस व्यायली, काहीही. चेंडूकडे त्याची नजर जात नसे आणि चेंडू पडत नसे. म्हणून लहान पोरं त्याला भिंगरीदादा म्हणत, मोठी माणसं नुसतं भिंगऱ्या. तो ज्या वसतिगृहाच्या शाळेत शिकला तिथे बास्केटबॉलचा एक बोर्ड होता. दहावीनंतर शाळा सुटली, आणि सरांनी जाताना एक जुना चेंडू त्याला देऊन टाकला. त्या चेंडूवर तो आठ वर्षं जगला. गंमत अशी, की बीडच्या शिरूर तालुक्यात त्याच्यासारखा चेंडू खेळवणारा दुसरा नसेल, आणि त्याने आयुष्यात एकही पूर्ण सामना खेळलेला नव्हता. सामने दिवाळीनंतर असतात. दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं.

मी सातवीत होतो तेव्हा त्याने मला समाजमंदिरासमोरच्या सिमेंटवर उभं केलं. नियम एकच होता : रोज. शंभर वेळा उजव्या हाताने, दोनशे वेळा डाव्याने. ताप आला तर शंभर कमी, पण सुट्टी नाही. तो म्हणायचा, "उजवा हात पोट भरतो. खेळायला डावाच लागतो." महिनाभर त्याने मला दप्तर, बादली, दाराची कडी, सगळं डाव्या हाताने हाताळायला लावलं. जेवण तेवढं सोडून. सप्ताह संपला त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत मी नकळत डावा हात पुढे केला, आणि वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी पळीच माझ्या बोटांवर मारली. मी रडत दादाकडे गेलो. तो पोट धरून हसला. म्हणाला, "म्हंजी आता डाव्याला सोताची अक्कल आली."

खाली बघायचं नाही, हा त्याचा दुसरा धडा. मी चेंडू आपटत असताना तो समोर उभा राहून डाव्या हाताची बोटं वर करायचा आणि विचारायचा, "किती?" मी चेंडूकडे पाहिलं की आकडा चुके. "चेंडू काय पळून चाललाय व्हय? माणसाकडं बघ बे." तीन. पाच. दोन. संध्याकाळी चेंडू दिसेनासा होईपर्यंत हे चाले. पुढे पुढे मला त्याची बोटं दिसायच्या आधीच कळायची.

नववीच्या वर्षी मला सांभाळायला मागे कुणी नव्हतं, म्हणून आईवडिलांनी मला ऊसतोडीच्या फडावर नेलं. आमची आणि दादाची टोळी एकच. दादाबरोबर त्याची आई होती. टोळीत दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात. दादा ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची. त्याने पोत्यातून चेंडू आणला होता. पहिल्याच दिवशी मी तो मोकळ्या झालेल्या रानात आपटला. चेंडू काळ्या मातीत बसला तो बसलाच. मला वाटलं, आता सहा महिने गेले. दादा म्हणाला, "हितं चेंडू उठत न्हाई. मग खाली टाकायचाच कशाला?" मग त्याने कंबरेभोवती, गुडघ्यांभोवती, दोन्ही पायांमधून आठाच्या आकड्यासारखा चेंडू फिरवून दाखवला, जमिनीला एकदाही न लावता. बारा तास कोयता चालवल्यावर, राहायला बांधलेल्या कोप्यांसमोर चुली पेटत असताना, तो हे रोज करायचा. मुकादम म्हणायचा, "भिंगऱ्या, चेंडूनं ऊस तुटला असता तर तुला एकट्यालाच फड दिला असता." त्यावर टोळी हसे, दादाही हसे, पण चेंडू थांबत नसे.

त्या मातीत शिकलेल्या हातांमुळेच मला बीडच्या कॉलेजच्या संघात जागा मिळाली. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? आजूबाजूला शहरातली मुलं होती, त्यांच्या पायांत चांगले बूट होते. मी म्हणालो, शाळेतल्या सरांनी. का म्हणालो, ते मला सांगता येतं, पण लिहवत नाही.

गेल्या दिवाळीत दादा मला एसटी थांब्यापर्यंत सोडायला आला. चेंडू नव्हता, हात खिशात होते. म्हणाला, "तुझ्या सरांना येवढं इचार. कॉलेज न शिकलेला, चोवीस वर्षांचा माणूस जिल्ह्याच्या संघाच्या चाचणीला आला तर चालतंय का? चालत आसंल तर मी पंधरा दिवस मागं राहतो. मुकादमाला बोललोय. आईसंगं मावशी जाईल." मग म्हणाला, "घेतीलच आसं न्हाई. पण एकदा पुरा सामना खेळून बघायचाय."

मी हो म्हणालो. विचारायचं म्हणजे आधी माझं खोटं कबूल करावं लागणार होतं. आज विचारू, उद्या विचारू, असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी वडिलांचा फोन आला की टोळी निघाली, ट्रक भरला, दादाही चढला. त्याच संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अरे, मग आण ना त्याला. रविवारी चाचणी आहे. खुला गट आहे, कुणीही येऊ शकतं."

त्या रात्रीपासून रविवारपर्यंत मी वडिलांचा फोन लावत होतो. कोप्या उभ्या राहीपर्यंत तिथे फोनला चार्जिंग मिळत नाही, हे मला माहीत होतं. सोमवारी फोन लागला. आईने खुशाली विचारली. मी दादाचं नाव काढलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावलं.

परवा सकाळी वडिलांचा फोन आला. भिंगऱ्याचा उसाच्या वाळल्या पाचटावर पाय सरकला, कोयता ऊस धरल्या हातावर बसला, म्हणाले. ऊस डाव्या हातात असतो, उजव्याला काही झालं नाही. दवाखान्यातून परत आणलंय, जिवाला धोका नाही. मी विचारलं, बोटं?

"दोन ऱ्हायली," वडील म्हणाले. "आन् आरं, त्यो सारखा इचारतोय, तुझे सर काय म्हणले म्हून. काय इचारायचं व्हतं रं त्यांला?"