मोगलांची चिठ्ठी

यादवी हा आमच्या मंडळाचा एकुलता एक विषय. महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी दुबईत अल कुसैसला एका कॉन्ट्रॅक्टर काकांच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा मराठी माणसं जमतो आणि दुनियेतली जुनी गृहयुद्धं उकरून काढून तावातावानं भांडतो. कोणी कुठली बाजू मांडायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चकलीचा स्टीलचा डबा रिकामा झाला की त्यातच चिठ्ठ्या पडतात. मी अमेरिकेतल्या दक्षिणेची बाजू मांडलीय, स्पेनमधल्या बंडखोरांची मांडलीय. पटो न पटो, चिठ्ठी आली की खलास.

गेल्या महिन्यात विषय घरचा होता, सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचा. मी हरखलोच. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. आमच्या घराण्यातला कोणी एक मराठ्यांच्या आरमारात तांडेल होता, गलबत चालवायचा, असं आजा सांगायचा. ते आरमार आधी कोल्हापूरकडून होतं, मग साताऱ्याकडे गेलं. म्हणजे आमचा तांडेल दोन्हीकडून लढला! हे ऐकवायला चौदा वर्षांच्या मुलीला शारजाहून मुद्दाम उठवून आणलं होतं. हा इतिहास तुझाही आहे, एवढंच मला तिला दाखवायचं होतं.

या भांडणात मोगलांचाही हात होता, म्हणून त्यांच्या नावाची एक चिठ्ठी काकांनी केली होती. डबा फिरत माझ्यापाशी आला. काकांनी तो तसाच पुढे सरकवला आणि बाजूला ठेवलेली ती चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"भाई, तुम्ही मोगलांची बाजू घ्या. तुम्हाला सोपं जाईल."

सोपं? अहो, कशानं सोपं? माझ्या सात पिढ्यांत कोणी दिल्ली पाहिली नाही. मी पाहिली ती ट्रान्झिटमध्ये, एअरपोर्टच्या काचेतून. आणि वैताग असा की काका अगदी प्रेमानं बोलले होते. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, आणि यांच्या डोक्यात मी कुठे बसलोय ते त्या दिवशी कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगी कानाशी लागली. "पप्पा, सो वी आर द एनिमी?"

मी उठून उभा राहिलो.

"काका, ही चिठ्ठी डब्यात टाका. सगळ्यांच्याच परत गोळा करा."

"अहो, रागावता काय भाई? मी सहज म्हटलं."

"सहज म्हटलंत तेच झोंबलं."

माझा आवाज चढला होता, कबूल. पण चिठ्ठ्या परत डब्यात पडल्या आणि डबा पुन्हा फिरला. मला सातारा आला. काकांनी आपली चिठ्ठी उघडली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली.

"मोगल? मी?" ते म्हणाले. "मला काय माहीत त्यांचं!"

"मलाही तेवढंच माहीत आहे, काका," मी म्हणालो.