तपासून बसवले

डोणगावात तुळशीराम नळवाल्याला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. पंचेचाळिशीचा, अंगानं काटक, बोलायला सावकाश. एक नळ गळतो म्हणून बोलावलं तर घरातले सगळे नळ उघडून-मिटून बघायचा आणि ज्याचं कोणी नावही काढलं नव्हतं तोसुद्धा नीट करून जायचा. माणसं शेतात निघालेली असली तर घराची किल्ली त्याच्याच हातात देऊन जात.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या घरची मोरी, टाकी, नळ, सगळं त्याच्याच हातचं. त्यामुळे जे घडलं ते मी जवळून पाहिलं. त्यात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईल.

तुळशीरामचा एक मित्र होता, हरिओम. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. हरिओमचं बस स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तुळशीरामच्या लग्नात पंगतीला वाढण्यापासून वाजंत्रीवाल्यांना गप्प बसवण्यापर्यंत सगळं हरिओमनं केलं होतं, आणि हरिओमनं घर बांधलं तेव्हा त्याच्या नळाचं काम तुळशीरामनं स्वतःच्या घराचं समजून केलं होतं. गावात दोघांची नावं जोडूनच घेतली जायची.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हरिओम एक पांढरी प्लास्टिकची पेटी घेऊन तुळशीरामकडे आला. हाताच्या पंज्याएवढी, वर हिरवा दिवा. घरातल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ती बसवायची. झाकण मिटलं की आतून औषधाचा बारीक फवारा कचऱ्यावर पडतो, जंतू मरतात, माश्या येत नाहीत, असं त्यानं सांगितलं. कोणत्याशा संस्थेकडून घरोघर फुकट वाटायच्या होत्या, आणि बसवून द्यायला भरवशाचा माणूस पाहिजे होता. पेटीवर कागदी सील होतं. ते फोडायचं नाही, फोडलं तर संस्था दुसरी पेटी देणार नाही, हेही त्यानं बजावलं.

तुळशीरामनं हो म्हटलं. मित्राचं काम, आणि कामही चांगलं.

पेटीसोबत चिकटपट्टी आली होती. पहिल्या दहा घरी त्यानं तीच लावली. एप्रिलच्या उन्हानं दोन दिवसांत सगळ्या पेट्या गळून पडल्या. मग त्यानं झाकणाला भोकं पाडून स्क्रू लावून पाहिले, तर पातळ प्लास्टिक तडकलं. दुसरा कोणी असता तर पेट्या परत करून मोकळा झाला असता. तुळशीराम चार दिवस अंगणात झाकणं घेऊन बसला. त्याची बायको छाया म्हणाली, घरात स्वयंपाकाला झाकण उरलं नाही. शेवटी जमलं. झाकणाच्या आतून ॲल्युमिनियमची पट्टी, वरून पेटीचे दोन कान, मधे नळात घालतात तसले रबरी वायसर, आणि प्रत्येक बोल्टला एकावर एक दोन नट, म्हणजे झाकण कितीही आपटलं तरी ढिलं व्हायला नको. बसवून झालं की तो झाकण पन्नास वेळा उघडून आपटायचा. तेवढं झाल्याशिवाय त्या घरातून उठायचा नाही.

बायकांनी पेटीचं नाव फुसफुशी ठेवलं, कारण झाकण मिटलं की ती फुस्स करायची आणि गोडसर वास यायचा.

प्रत्येक घरी एक कागद भरायचा असे. वर घरमालकाची सही, खाली छापलेलं होतं, "तपासून बसवले", आणि त्यासमोर तुळशीरामची सही. त्याला वाटलं, हे बसवण्याबद्दलच आहे. बसवणं तर त्यानं तपासलंच होतं. दोन महिन्यांत शंभरावर घरं झाली. माझ्याही घरी त्यानं फुसफुशी बसवली आणि मी सही केली. विज्ञान शिकवणारा माणूस मी, पण आत कोणतं औषध आहे, हे मी विचारलं नाही. तुळशीराम आणतोय म्हटल्यावर विचारायचं काय, असं वाटलं. माझी चूक ती हीच.

गोजरबाईंच्या घरी मात्र तो आपण होऊन गेला होता. त्यांचे यजमान शेषराव यांना साखरेचा आजार. पायाला जखम झाली होती, रोज पट्टी बदलावी लागे. जुन्या पट्ट्या गोजरबाई त्या त्या दिवशी मळ्याच्या बांधावर नेऊन जाळत. स्वतःचे गुडघे धरलेले, तरी नेत. तुळशीरामनं त्यांना सांगितलं, "काकू, आता रोज जायाची गरज नाही. हे औषध जंतू मारते. दोन-तीन दिसांनी टाकलं तरी चालते."

काकूंनी ऐकलं. डबा शेषरावांच्या बाजेजवळच ठेवला, म्हणजे उठबस कमी.

जुलै लागला. पावसाळी हवेत माश्या वाढल्या. एका सकाळी गोजरबाईंनी झाकण उघडलं तर पट्ट्यांवर अळ्या वळवळत होत्या आणि वर हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी शेषरावांची पट्टी सोडली. जखमेतही तेच होतं. मुलानं त्यांना मेहकरला दवाखान्यात नेलं. पंधरा दिवसांनी ते घरी आले तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे डब्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, साखर वाढलेली होतीच. गोजरबाईंनी हेही तुळशीरामला सांगितलं. त्या भांडायला आल्या नव्हत्या. दारात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "तुले मालूम होतं काय रे?"

"नाही काकू," तो म्हणाला.

त्या पायरी उतरून निघून गेल्या. त्यांना पटलं की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच दुपारी त्यानं घरात उरलेल्या एका नव्या पेटीचं सील फोडलं. आत बोटाएवढी बाटली, तीत हिरवं पाणी. दिव्याची तार सरळ सेलला जोडलेली, म्हणजे बाटली रिकामी झाली तरी दिवा लागलेलाच राहणार. तो ती बाटली घेऊन शाळेत माझ्याकडे आला. मी दोन पेल्यांत साचलेल्या डबक्यातल्या डासांच्या अळ्या घेतल्या. एकात फिनाइलचे थेंब टाकले, दुसऱ्यात त्याची बाटली सगळी ओतली. पहिल्या पेल्यातल्या अळ्या शाळा सुटायच्या आत तळाला गेल्या. दुसऱ्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळीही खाली-वर करत होत्या. तुळशीराम स्टुलावर बसून त्या पेल्याकडे बघत होता.

"सर, हे काय हाय मंग?"

मी म्हणालो, "रंग, वास आणि पाणी."

तो उठला. पेला उचलून बाहेर गेला, झाडाखाली ओतला, पेला धुऊन परत आणून ठेवला. मग हरिओमकडे निघाला. मीही सोबत गेलो, कारण त्याचा चेहरा मला बरा वाटला नाही.

हरिओमच्या दुकानात गर्दी नव्हती. तुळशीरामनं फोडलेली पेटी त्याच्यासमोर ठेवली. हरिओमनं ती हातातसुद्धा घेतली नाही. एवढ्यावरूनच मला कळलं, आणि तुळशीरामलाही कळलं असणार.

"तुले मालूम होतं," तुळशीराम म्हणाला. विचारलं नाही, म्हणालाच.

हरिओम आधी म्हणाला की वरून आलं ते त्यानं वाटलं, दर भरलेल्या कागदामागे संस्था पैसे देते, आत काय आहे ते त्याला काय माहीत. मग म्हणाला, सुरुवातीच्या पेट्यांत खरं औषध होतं, नंतर संस्थेनं बदललं. तुळशीरामनं विचारलं की नंतर म्हणजे कधी. हरिओम टेबलावरचे फॉर्म नीट लावायला लागला.

"तुह्या घरी काऊन नाही बसवू देल्ली? तीनदा आलतो मी. दर वेळी म्हणे, मंग बसवू."

हरिओमनं कॉम्प्युटर बंद केला. मग जरा हळू आवाजात बोलला. "खरं सांगू काय? माह्या सांगण्यानं एका घरानंबी बसवली नसती. लोक मले ओयखतेत. तू गेला म्हणून बसवली. म्हणून तर तुह्याकडे आलो."

हे तो अगदी साधेपणानं म्हणाला, जणू मित्राचं कौतुकच करत होता. मला वाटतं, तुळशीरामला सगळ्यात जास्त हेच लागलं.

तुळशीराम म्हणाला की आपण गावाला सगळं सांगणार. तेव्हा हरिओमनं कपाटातून फाइल काढली आणि मधलाच एक कागद उघडून पुढे सरकवला. "सांग न. पण हे पाह्य. तपासून बसवले. खाली सही कोणाची हाय? माही एकाबी कागदावर नाही."

तुळशीरामनं कागद वाचला. स्वतःची सही त्यानं बोटानं हळूच चाचपली. मग पेटी उचलून बाहेर पडला. मी त्याच्या घरापर्यंत सोबत गेलो. दारात आल्यावर म्हणाला, "आम्ही एका डब्यात भाकर खाल्ली सर." आणि आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पेट्या काढायला सुरुवात केली. त्यानं इतक्या पक्क्या बसवल्या होत्या की घरच्यांना त्या निघतच नव्हत्या, दोन पाने लावून नट फिरवावे लागत. दर घरी तो बसायचा, पेटी काढायचा, भोकं वायसर लावून बुजवायचा आणि सांगायचा, "आत नुसतं वासाचं पानी होतं. मी न पाहता बसवली. चूक माही हाय." हरिओमचं नाव तो घेत नसे. मी त्याला म्हटलं, नाव घे, नाहीतर सगळं तुझ्या अंगावर येईल. तो म्हणाला, लोकांना नाव माहीतच आहे, आणि त्यांच्या दारात हरिओम नव्हता गेला.

काही घरी चहा मिळाला. काही घरी म्हणाले, राहू दे, वास चांगला येतो. सुभद्राबाईंनी त्याला आत येऊच दिलं नाही, झाकण बाहेर आणून ओट्यावर ठेवलं आणि काम होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.  माझी पेटी त्यानं काढली तेव्हा मी त्याला सांगितलं की विचारायचं काम माझंही होतं. त्यानं ऐकलं, पण तेवढ्यानं त्याचं ओझं हलकं झालं असं दिसलं नाही.

आम्ही दोघांनी मिळून तक्रारीचा अर्ज लिहिला, तालुक्याला नेऊन दिला. पोच मिळाली. संस्थेचा दिलेला फोन तोवर लागेनासा झाला होता. पुढे काही झालं नाही. हरिओमचं दुकान सुरू आहे. चार महिन्यांनी तो एकदा तुळशीरामच्या घरी आला होता, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. छायानं पाणी दिलं. तुळशीराम बाहेर आला, पत्रिका घेतली, येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. हरिओमनं खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. लग्नाला छाया एकटी जाऊन आली.

पोटापुरती कामं त्याला अजून येतात. पण यंदा हिवाळ्यात एक गोष्ट झाली, ती त्यानं छायालाही सांगितली नाही, मला सांगितली. तो सकाळी सायकलवरून निघाला होता. समोरून मेहकरचा एक नळफिटर गाडीवर आला, पाठीला अवजारांची पिशवी. त्यानं थांबून विचारलं, "भाऊ, शेषरावचं घर कोणतं? बाईनं फोन केलता, टाकीचा नळ गळून राह्यला म्हणे."

त्या टाकीचा नळ तुळशीरामनंच बसवलेला होता. कोणता वायसर लागेल, हेही त्याला पाठ होतं. त्यानं पिशवीतून तो वायसर काढून त्या माणसाला दिला, गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत गेला आणि निळ्या रंगाचं दार बोटानं दाखवलं.